अमावास्या सगळ्यांची, ग्रहण ज्याच्या त्याच्या गावाचे

नाशिकच्या येत्या सिंहस्थातले पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी ठरले आहे. त्या दिवशी सोमवार आहे, आषाढातली दिव्यांची अवस आहे आणि सूर्यग्रहणही आहे. इजिप्तमधल्या लुक्सॉरजवळ ते सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास दिसेल, नाशकात दुपारनंतर खंडग्रास. मागच्या सिंहस्थातही स्नान आणि ग्रहण एकाच दिवशी आले होते, पण ते फारसे कोणाला आठवणार नाही. १३ सप्टेंबर २०१५ला, दुसऱ्या शाहीस्नानाच्या दिवशी, सूर्यग्रहण होते. ते आफ्रिकेच्या दक्षिण भागात आणि अंटार्क्टिकाच्या बाजूला दिसले. रामकुंडावर लोटलेल्या गर्दीच्या डोक्यावरचा सूर्य अखंड होता. त्याआधी २२ जुलै २००९ची आषाढ अमावास्या. त्या पहाटे खग्रासाचा पट्टा सुरतेवरून भारतात शिरला, नंदुरबारला कवेत घेऊन इंदूर, भोपाळ, वाराणसीकडे गेला. त्याची दक्षिण कडा नाशिकच्या उत्तरेकडून निघून गेली. वर पावसाळी ढग होते ते वेगळेच.

तीन अमावास्या आणि तीन निकाल: एक हुकलेली, एक न दिसलेली, एक दिसणारी. अमावास्या कधी आहे हे सांगायला चंद्र ढोबळमानाने ठाऊक असला तरी भागते. ग्रहण आहे का, हेही पुष्कळ सोपे आहे. पण ते नाशकात दिसेल का, किती वाजता आणि किती, हे सांगायचे तर चंद्राचा पत्ता कलेकलेने (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) लागतो. ग्रहणगणिताचा सगळा इतिहास म्हणजे या पत्त्यातली चूक कमी करत जाण्याचा इतिहास आहे, आणि त्यातला बराच मोठा भाग मराठी मुलखात घडला आहे.

आधी ‘सोपा’ भाग. चंद्राची कक्षा सूर्याच्या दृश्य मार्गाला सुमारे ५ अंश ९ कलांनी कललेली आहे. दोन्ही वर्तुळे जिथे छेदतात ते दोन पात म्हणजे आपले राहू आणि केतू. अमावास्येला सूर्य यांपैकी एका पाताच्या पंधरा ते अठरा अंशांच्या आत असेल तरच चंद्राची सावली पृथ्वीवर कुठेतरी पडते. हे पातही स्थिर नाहीत. ते उलट्या दिशेने सरकत १८.६ वर्षांत एक फेरा करतात. बाबिलोनच्या लोकांना एक चक्र सापडले होते: २२३ चांद्रमास गेले की चंद्राच्या पातापासून पातापर्यंतच्या २४२ आणि मंदोच्चापासून (कक्षेतल्या सर्वांत दूरच्या बिंदूपासून) मंदोच्चापर्यंतच्या २३९ फेऱ्याही जवळजवळ पुऱ्या होतात. हा काळ १८ वर्षे, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांचा. २२ जुलै २००९ला तो मिळवा, २ ऑगस्ट २०२७ येते. म्हणजे नाशिकला थोडक्यात हुकलेल्या ग्रहणाचाच पुढचा भाऊ सिंहस्थात येतो आहे. पण चक्राच्या शेवटचे ते आठ तास सगळा घोळ घालतात. तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून २००९चा मध्य पॅसिफिक महासागरात होता आणि २०२७चा नाइलच्या काठी आहे. चक्राने दिवस कळतो, गाव कळत नाही.

गावासाठी चंद्रच मोजावा लागतो, आणि चंद्रासारखा खट्याळ ग्रह नाही. सरासरीने तो रोज १३ अंश १० कला चालतो. प्रत्यक्षात कधी बारा अंशांहूनही कमी चालतो, तर कधी पंधराच्या पुढे जातो. अमावास्येच्या सुमारास तो सूर्याला ताशी जवळपास अर्ध्या अंशाने, म्हणजे आपल्या एका बिंबाइतका, मागे टाकतो. यावरून एक हिशेब मनात पक्का ठेवावा. चंद्राच्या जागेत एका कलेची चूक झाली की ग्रहणाची वेळ दोन मिनिटांनी चुकते. आणि चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर असल्याने तीच एक कला जमिनीवर सावलीला सुमारे ११० किलोमीटर हलवते. नाशिकपासून नंदुरबारपर्यंतच्या अंतराचा बराचसा भाग एवढ्यातच येतो.

चंद्र सरासरी जागेपासून इकडेतिकडे का होतो, याची कारणे अनेक. सर्वांत मोठे मंदफल: कक्षा लंबगोल असल्यामुळे येणारा, जास्तीत जास्त ६ अंश १७ कलांचा फरक. दुसरा च्युतिसंस्कार, सूर्याच्या ओढीने त्या लंबगोलातच होणाऱ्या बदलाचा, १ अंश १६ कलांपर्यंत. तिसरा तिथिसंस्कार, ३९ कला. चौथा वार्षिक संस्कार, ११ कला. पुढे लहानसहान संस्कारांची रांग संपता संपत नाही. आपल्या जुन्या सिद्धान्तांत मात्र चंद्राला एकच मंदफल आहे, तेही सुमारे ५ अंशांचे. इ.स. ९३२च्या सुमारास मुंजालाने लघुमानसात दुसरा संस्कार दिला, पण पंचांगे बहुधा त्याच्या वाटेला गेली नाहीत.

सवा अंशाची ही तूट पाहून कोणीही म्हणेल की जुने गणित कच्चे होते. इथे थोडे थांबायला हवे. च्युतिसंस्काराचे चिन्ह सूर्य-चंद्रांमधल्या अंतरावर अवलंबून असते. अमावास्येला आणि पौर्णिमेला तो मंदफलाच्या नेमका उलट पडतो. ६ अंश १७ कलांतून १ अंश १६ कला वजा करा, ५ अंश १ कला उरते: आपल्या सिद्धान्तांतले पाच अंश. तिथिसंस्कार तर अमावास्या-पौर्णिमेला शून्यच असतो. सूर्याकडे पाहिले तर गंमत आणखी वाढते. सूर्यसिद्धान्तात सूर्याचे मंदफल सुमारे २ अंश १० कला आहे. खरे आजच्या मोजणीने १ अंश ५५ कला. वरकरणी पाव अंशाची चूक. पण ग्रहणाला हवे असते ते दोघांमधले अंतर, आणि त्या अंतरात चंद्राचा ११ कलांचा वार्षिक संस्कार सूर्याच्या मंदफलात मिळवला की बेरीज २ अंश ६ कला होते. चंद्राच्या खात्यावरचा संस्कार सूर्याच्या नावावर टाकलेला, एवढेच.

माझ्या मते याचा अर्थ एकच निघतो. हे आकडे ग्रहणांवर घासून बसवलेले आहेत. ज्यांनी ते ठरवले त्यांनी अष्टमीचा चंद्र फारसा मोजला नाही, कारण अष्टमीला चंद्र कुठे आहे याचा पडताळा सहज येत नाही. ग्रहणाचा पडताळा गावातले पोरही घेते. त्यामुळे हे गणित अमावास्या-पौर्णिमेला बिनचूकतेच्या जवळ जाते आणि अष्टमीला अडीच अंश, म्हणजे तिथीच्या हिशेबात पाच तास, चुकते. एकोणिसाव्या शतकात मराठी पंचांगांचे जे युद्ध पेटले त्याची दारू या अडीच अंशांतच भरलेली होती.

या परंपरेतले नाशिकला सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे चाळीसगावजवळचे पाटण. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी ११५०त लिहिला, आणि उतारवयात, ११८३त, करणकुतूहल हा छोटा व्यवहारी ग्रंथ. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणला मठ काढला. त्याला निकुंभ वंशातल्या सोइदेवाने दान दिल्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजींनी उजेडात आणला. शके ११२८, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ, असा त्या दानाचा काळ लेखात कोरला आहे. इंग्रजी सन १२०७. ज्योतिषाच्या पाठशाळेला ग्रहणाच्या मुहूर्तावर देणगी! इतिहाससंशोधकांना असे लेख सोन्यासारखे वाटतात, कारण ग्रहण मागे मोजता येते आणि तारीख पक्की करता येते.

पण रोजच्या कामाला आला तो भास्कराचार्यांचा नव्हे, गणेश दैवज्ञाचा ग्रंथ. गणेश नांदगावचा. नाशिक जिल्ह्यातले तालुक्याचे नांदगाव नव्हे. कोकणात मुरुड-जंजिऱ्याजवळ समुद्रकाठी आहे ते. त्याचे वडील केशव दैवज्ञ हे स्वतः आकाश पाहणारे ज्योतिषी होते. निरनिराळ्या सिद्धान्तांनी काढलेले ग्रह प्रत्यक्ष आकाशाशी किती जुळतात, हे त्यांनी ताऱ्यांशी होणाऱ्या युतींवरून पडताळले आणि पुढच्यांनीही असेच दुरुस्त करत राहावे असे लिहून ठेवले. मुलाने शके १४४२ म्हणजे १५२०त ग्रहलाघव रचले. त्यात त्याने कोणत्याही एका पक्षाची निष्ठा पाळली नाही. सूर्य आणि चंद्राचे उच्च सौरपक्षाचे, म्हणजे सूर्यसिद्धान्ताच्या परंपरेचे, घेतले, पण चंद्र मात्र सौरपक्षाच्या चंद्रातून नऊ कला कमी करून. नऊ कला! वरच्या हिशेबाने ग्रहणाच्या वेळेत अठरा मिनिटे, घटिकांच्या भाषेत पंचेचाळीस पळे. शास्त्रावर श्रद्धा असलेल्या माणसाने सूर्यसिद्धान्ताच्या चंद्राला नऊ कला मागे ढकलायचे, ते फक्त ग्रहणाला तसे दिसत नाही म्हणून. मराठी मुलखातल्या विज्ञानाच्या इतिहासात एवढा धीट आकडा मला दुसरा ठाऊक नाही.

ग्रहलाघवाची दुसरी करामत म्हणजे त्यात ज्या-चापांची कोष्टके लागतच नाहीत. ४०१६ दिवसांचे एक चक्र धरायचे, म्हणजे अहर्गणाचे (आरंभापासून गेलेल्या दिवसांचे) आकडे लहान राहतात. मग साधे गुणाकार-भागाकार. बिंबे काढायची? सूर्याच्या दैनंदिन गतीची दुप्पट करून अकराने भागा, अंगुळे मिळतात. चंद्राच्या गतीला चौऱ्याहत्तरने भागा. तीन कलांचे एक अंगूळ धरून पडताळून पाहिले तर दोन्ही बिंबे ३२ कलांच्या आसपास येतात, जी आहेतच. चंद्र जोरात चालत असेल तर तो जवळ आहे आणि म्हणून मोठा दिसतो, हे सगळे भौतिकशास्त्र त्या एका भागाकारात आले. खग्रास होणार की कंकणाकृती, हे बिंबांच्या तुलनेवरून ठरते.

सूर्य राहूपासून चौदा अंशांच्या आत असेल तर ग्रहणाचा संभव. त्या अंशांना ११ने गुणून ७ने भागले की चंद्राचा शर, म्हणजे सूर्याच्या मार्गापासूनचे त्याचे अंतर, अंगुळांत. इथे मात्र ग्रंथ उणा पडतो. त्या गुणोत्तराच्या मागे कक्षेचा कल ४ अंश ३० कला धरलेला आहे, खरा ५ अंशांच्या वर. सूर्य पातापासून सात अंशांवर असेल तर शर पाच कलांनी कमी येतो आणि कागदावरचे ग्रहण आकाशातल्यापेक्षा मोठे निघते. कधी कधी कागदावर ग्रहण असते आणि आकाशात नसते. मंदफलाची चूक अमावास्येने झाकून घेतली, शराची चूक झाकायला कोणी नव्हते. तरीही हा ग्रंथ आणि गणेशाचीच तिथिचिंतामणीची कोष्टके यांवर महाराष्ट्रातली पंचांगे पुढची साडेतीनशे वर्षे चालली.

सूर्यग्रहणाला चंद्रग्रहणाहून अवघड करणारी गोष्ट म्हणजे लंबन. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली प्रत्यक्ष चंद्रावर पडते. ज्याला चंद्र दिसतो त्याला ग्रहण सारखेच दिसते. सूर्यग्रहणात चंद्र फक्त मध्ये येतो, आणि मध्ये येतो की नाही हे पाहणारा कुठे उभा आहे त्यावर ठरते. पृथ्वीच्या मध्यातून पाहिलेला चंद्र आणि नाशकातून पाहिलेला चंद्र यांत क्षितिजाजवळ ५७ कलांपर्यंत, म्हणजे जवळपास दोन बिंबांचा, फरक पडतो. सिद्धान्तकारांनी तो दैनंदिन गतीचा पंधरावा भाग, सुमारे ५३ कला, धरला. त्यामुळे लंबनाची कमाल साठ घटिकांचा पंधरावा भाग म्हणजे चार घटिका होते, शहाण्णव मिनिटे. आजच्या मोजणीशी ताडून पाहता हे काही वाईट नाही. लंबनाने वेळ सरकते, आणि त्याचाच उत्तर-दक्षिण भाग म्हणजे नती शरात मिळवली की ग्रास बदलतो. गोम अशी की लंबन काढायला सूर्य आकाशात कुठे आहे ते हवे, त्यासाठी ग्रहणाची वेळ हवी, आणि वेळेसाठी लंबन हवे. म्हणून एकदा लंबन काढायचे, वेळ सुधारायची, त्या वेळेने पुन्हा लंबन काढायचे. उत्तर हलायचे थांबेपर्यंत. जुन्या ग्रंथांत याला असकृत् कर्म म्हणतात. आजचा संगणकही नेमके हेच करतो, फक्त तो कंटाळत नाही.

नाशिकसाठी हे गणित मांडणाऱ्याला गावाच्या दोन गोष्टी लागायच्या. पहिली देशांतर. नाशिक उज्जैनच्या रेषेपासून सुमारे दोन अंश पश्चिमेला, म्हणून वीस पळे वजा. दुसरी पलभा: विषुवदिनी दुपारी बारा अंगुळांच्या शंकूची सावली. नाशिकचे अक्षांश अगदी वीसच्या जवळ, तेव्हा ही सावली ४ अंगुळे २२ व्यंगुळे. गोदाकाठी काठी रोवून ती कोणीही मोजू शकतो. नाशिकचा ज्योतिषी आणि पैठणचा ज्योतिषी यांच्या उत्तरांत पडणारा फरक या दोन आकड्यांतूनच येतो.

हे हिशेब किती जुळत? याची एक प्रसिद्ध नोंद दक्षिणेतली आहे. जॉन वॉरन या लष्करी अधिकाऱ्याने पाँडिचेरीत एका तमिळ पंचांगकर्त्याला जमिनीवर कवड्या मांडून, सारी कोष्टके तोंडपाठ म्हणत, १८२५च्या चंद्रग्रहणाचे गणित करताना पाहिले. स्पर्श चार मिनिटांनी चुकला, मध्य तेवीस, मोक्ष बावन्न. यापूर्वी शंभरेक वर्षे, १७१५त, एडमंड हॅलीने न्यूटनच्या सिद्धान्तावरून लंडनवरून जाणाऱ्या खग्रासाचा नकाशा आधीच छापला होता, त्याची वेळही चारेक मिनिटांनीच चुकली. स्पर्शापुरते दोघे सारखे दिसतात, पण मोक्षाकडे पाहिले की अंतर उघडे पडते. हॅलीकडे चूक कुठून येते हे शोधायचे साधन होते. कवड्या मांडणाऱ्याकडे कोष्टके होती, ती कशी बनली हे सांगणारा कोणी उरला नव्हता. केशव-गणेशांची पडताळ्याची सवय मध्ये कुठेतरी सुटली.

ती सवय पुन्हा लावली केरो लक्ष्मण छत्र्यांनी. १८६०त त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत काढली, युरोपीय गणिताच्या आधारावर. १८६५पासून त्यांच्या गणिताचे पटवर्धनी पंचांग निघू लागले. लगेच वाद उसळला. जुन्या पंचांगांचा मूलमंत्र होता बाणवृद्धी रसक्षय: तिथी साठ घटिकांहून फार तर पाच घटिका वाढते आणि सहा घटते. चंद्राचे सगळे संस्कार घेतले की सात वाढते आणि दहा घटते. म्हणजे एकादशी आज की उद्या, श्राद्ध कुठल्या दिवशी, हे सगळे हलणार. शास्त्रीपक्षाने एक तोडगा पुढे केला: व्रते-श्राद्धे यांचे फळ अदृष्ट असते, त्यांना आर्ष गणित चालावे, ग्रहण डोळ्यांना दिसते, त्याला प्रत्यक्षाशी जुळणारे गणित घ्यावे. परिणाम असा की तिथी ग्रहलाघवाची आणि ग्रहणाच्या वेळा मात्र विलायती नाविक पंचांगाच्या, अशी पंचांगे घरोघर लागू लागली. एकाच पंचांगात एकाच दिवशी दोन चंद्र. या तडजोडीकडे मी ढोंग म्हणून पाहत नाही. ग्रहणापुढे खोटे चालत नाही हे त्यांनी कबूलच केले होते. फक्त एकादशीला ते कबूल करायची तयारी नव्हती.

त्या वादात राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा यावरून निरयन विरुद्ध सायन, रेवती विरुद्ध चित्रा अशीही भांडणे होती. नाशकात जन्मलेले विसाजी रघुनाथ लेले हे सायन पक्षाचे खंदे पुरस्कर्ते. ते, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांग चालवले. टिळक रेवतीच्या बाजूचे. या भांडणात शाई खूप सांडली, पण ग्रहणाला त्याचे सोयरसुतक नाही, ही गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते. राशिचक्राचा आरंभ कुठूनही धरा, सूर्य, चंद्र आणि राहू तिघेही सारखेच सरकतात. त्यांच्यातले अंतर तेच राहते. अधिक मासावरून एकमेकांना पाण्यात पाहणारी दोन पंचांगे ग्रहणाचा मिनिट मात्र एकच छापतात.

दीक्षितांनी १८९६त ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी रॉबर्ट सूएल यांच्यासह इंग्रजीत भारतीय कालगणनेचा ग्रंथ. त्याला रॉबर्ट श्राम यांनी भारतात दिसलेल्या सूर्यग्रहणांची कोष्टके जोडली. शिलालेखातले ग्रहण खरे की नंतर रचलेले, हे तपासायचे हत्यार संशोधकांच्या हाती आले. व्यंकटेश बापूजी केतकरांनी ‘ज्योतिर्गणित’ आणि ‘केतकी ग्रहगणित’ यांत चंद्राचे नवे संस्कार संस्कृत श्लोक आणि कोष्टकांत बसवले. शाळामास्तराची नोकरी सांभाळून केलेले हे काम. आज ‘दृक्‌गणिताची’ म्हणून मिरवणाऱ्या पंचांगांपैकी कितीतरींची मुळे केतकरांत आहेत आणि त्यांचे नाव मुखपृष्ठावर क्वचितच दिसते.

याच काळात गणिताची उघड परीक्षा महाराष्ट्राच्या मैदानावर झाली. २२ जानेवारी १८९८च्या खग्रासाचा पट्टा कोकण किनाऱ्यावर चढून तिरका विदर्भाकडे गेला. इंग्रज ज्योतिर्विद लॉकियर विजयदुर्गावर, लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याचे कावसजी नायगमवाला करमाळ्याजवळच्या जेऊरला, न्यूअल आणि हिल्स पुलगावला, मॉंडर दांपत्य विदर्भातल्या तळणीला. समुद्रापार बसून बनवलेल्या कोष्टकांनी दाखवलेल्या रेषेवर माणसे महिनाभर आधी येऊन तंबू ठोकून बसली आणि सावली ठरल्या क्षणी त्यांच्यावरून गेली. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला असे जे सांगितले जाते ते मात्र खरे नाही. हेलियमची वर्णरेषा १८६८ची. तेव्हा लॉकियर इंग्लंडात होते, फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूरला. किल्ल्याचा मान १८९८च्या नोंदींनीही पुरेसा आहे.

पुढचे थोडक्यात. अर्नेस्ट ब्राउनने १९१९त चंद्राची कोष्टके छापली, त्यात सुमारे दीड हजार संस्कार होते. शाप्राँ दांपत्याच्या फ्रेंच सिद्धान्तात ते हजारोंच्या घरात गेले. आता मुख्य पंचांगे तेही करत नाहीत. सूर्य आणि सगळे ग्रह एकमेकांना कसे ओढतात ते पावलापावलाने संगणकावर चालवतात, आणि १९६९पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून आलेल्या अंतराशी ताडतात. चंद्राचे अंतर सेंटिमीटरांत कळते. आपल्याकडे मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२त पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, त्यातून राष्ट्रीय पंचांग आले, आणि ग्रहणाच्या वेळांची जबाबदारी आज कोलकात्याच्या खगोलीय स्थिती केंद्राकडे आहे. घरी बसून करायचे तर साठेक संस्कारांत चंद्र दहा विकलांपर्यंत येतो, म्हणजे ग्रहणाची वेळ वीस सेकंदांत. संगणक जाणणाऱ्या अकरावीच्या मुलाला ते एका रविवारात जमावे.

चंद्र इतका हाती आल्यावर चूक उरते ती पृथ्वीत. पृथ्वी एकसारखी फिरत नाही. भरती-ओहोटीने तिचा वेग मंदावतो आणि त्याच कारणाने चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातो. एकसारख्या चालणाऱ्या अणुघड्याळांचा काळ आणि पृथ्वीच्या फिरण्याचा काळ यांत सध्या सुमारे ६९ सेकंदांचे अंतर पडले आहे. २०२७साठी ते सेकंदाच्या आसपास सांगता येते. मागे जाताना मात्र पंचाईत होते. पाटणच्या दानाच्या काळी हे अंतर बारा मिनिटांच्या आसपास होते, आणि तो आकडाही जुन्या ग्रहणांच्या नोंदींवरूनच काढलेला आहे. आठशे वर्षांपूर्वीचे ग्रहण सांगणे पुढच्या वर्षीच्या ग्रहणाहून अवघड, ही गोष्ट अनेकांना उलटी वाटते, पण तशी आहे.

आता पुन्हा २ ऑगस्ट २०२७. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात असे धर्मशास्त्र मानते. दुपारनंतरच्या ग्रहणाचे वेध तेव्हा अमृतस्नानाच्या मिरवणुका निघायच्या आधीच लागलेले असतील. स्पर्श, मध्य, मोक्ष यांच्या वेळा पंचांगांत बहुधा मुंबईच्या छापल्या जातील. नाशिकच्या वेळा त्याहून थोड्या वेगळ्या असतील, आणि त्या पंचांगातून अंदाजाने सरकवण्यापेक्षा नाशिकचे अक्षांश-रेखांश घालून काढलेल्या घ्याव्यात. त्र्यंबकेश्वर जेमतेम तीस किलोमीटरवर. रामकुंड आणि कुशावर्त यांच्या स्पर्शात मिनिटभराचाही फरक पडणार नाही. मोक्षाच्या स्नानासाठी दोन्हीकडे गर्दी एकाच वेळी उतरेल. गर्दीचे नियोजन करणाऱ्यांना मोक्षाची ही वेळ तिथीइतकीच महत्त्वाची आहे. तिथी दिवसभर पसरलेली असते, मोक्ष मिनिटात होतो.